केनवडचा माणूस

दार अर्धंच उघडलं की मला बरं वाटतं. पूर्ण उघडलं आणि वर "या ना मॅडम, बसा" असं आलं, की माझ्या मनात पाल चुकचुकते. आता या घरात आपल्याला काहीतरी खोटं सांगणार, तेही चहासोबत, हे मी तिथंच ओळखून घेते. अर्ध्या दारातून बघणारी बाई निदान उघडपणे संशय घेते. परवा कामरगावात अशीच एक काकू अर्ध्या दारात उभी होती, पदराला हात पुसत. मी गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं. तिनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आधी माझ्या चपला पाहिल्या, मग पिशवी, मग माझ्या मागचा रस्ता, सोबत अजून कोणी आलंय का ते.

"कोनाकडून आल्या?"

"रोजगाराची पाहणी आहे काकू. घरात कोण काय काम करतं, एवढंच विचारायचं आहे."

"ते समजलं. पन कोनाकडून आल्या?"

गल्लीच्या मागे कुठल्यातरी वावरात थ्रेशर सुरू होतं. त्याची धूळ हवेत होती आणि माझा घसा खवखवत होता. सोयाबीन निघायला लागलं की आधी माझ्या घशाला समजतं, कॅलेंडर मग पाहिलं तरी चालतं. काकूचा प्रश्न मला नीट कळला होता. माझ्या टॅबमधले प्रश्न मला एवढे कळत नाहीत. कारण हाच प्रश्न माझ्या आईनं विचारला होता, आमच्या किन्हीराजा गावातल्या घरात, अशाच सोयाबीनच्या दिवसांत, आणि त्या एका प्रश्नापायी आमच्या घरात काय काय झालं ते मी अजून विसरले नाही.

लोकांना पावसाळा आठवतो. आठवो बापडा. मला पावसाळ्यातला चिखल तेवढा आठवतो. माझा हंगाम दसऱ्याच्या आगेमागेचा. तेव्हा सोयाबीनची पानं गळून जातात, वावर करड्या रंगाचं होतं आणि दुपारच्या उन्हात शेंगा आपल्याआपण तडतडायला लागतात. उशीर केला तर दाणे वावरातच उधळतात आणि घाई केली तर ओले निघतात. म्हणून सगळ्या गावाला एकदमच विळे लागतात आणि एकदमच माणसं लागतात. वर्षभर ज्याला कोणी चहाला बोलावत नाही, त्याच्या दारात भल्या सकाळी कोणीतरी येऊन उभा राहतो आणि "चाल न बाप्पा, आजचा दिवस" म्हणून हात जोडतो. शेंगांची टोकं बोटांत घुसतात, म्हणून जुन्या लुगड्याच्या चिंध्या बोटांना बांधायच्या. संध्याकाळी त्या सोडल्या की बोटं पांढरी, सुरकुतलेली दिसायची आणि चुलीजवळ नेली की चुरचुरायची.

आणि नेमक्या याच दिवसांत पाहणीवाल्यानं यावं आणि विचारावं, गेल्या आठवड्यात काम केलं का? केलं की! म्हाताऱ्यांनीही केलं. शिमगा झाल्यावर या, वावरं उघडी पडल्यावर या, मग पारावर कोण कोण बसलंय ते मोजा. कुठल्या आठवड्यात विचारलं यावर गाव कामाचं की रिकामं ते ठरतं. पाहणी वर्षभर फिरत राहते, सगळे हंगाम त्यात येतात, असं आम्हाला प्रशिक्षणात समजावून सांगितलं होतं. असेलही. पण आमच्या घरी पाहणी आली ती एकदाच, आणि ती सोंगणीत, म्हणजे सोयाबीन कापायच्या दिवसांत, आली. त्यामुळे टीव्हीवर रोजगाराचा आकडा वर गेला की खाली गेला असं कोणी सांगायला लागलं, की मी आधी विचारते, सोयाबीन होतं का वावरात?

तर त्या वर्षी आमच्या घरात एकच गोष्ट चालू होती, दादाचं लग्न. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, अमोल. डी.एड. करून बसलेला. भरती निघते म्हणता म्हणता निघत नव्हती. मध्ये पुण्याला एका कंपनीत ठेकेदारामार्फत लागला, काही महिने राहिला, काम संपलं तसा बॅग घेऊन परत आला. तेव्हापासून तो घरी होता. 'घरी होता' हे मी आता म्हणते. तेव्हा असं म्हणायची सोय नव्हती. आई म्हणायची, "सुट्टीवर आला हाये." सुट्टी इतकी लांबली की बाबाही एकदा विसरून दादाला म्हणाले, "कधी निंगतं मंग?" दादा नुसता हसला.

रायभान मामांनी, म्हणजे आईच्या भावानं, केनवडची एक सोयरिक आणली होती. मुलगी शिकलेली, घर चांगलं, वावर ओलिताचं. मुलीकडच्यांची एकच अट होती, पोरगा नोकरीवाला पाहिजे. मामांनी सांगून टाकलं, कंपनीत आहे. आता आमच्याकडे सोयरिक म्हटलं की आधी चौकशी येते आणि ती कधी सांगून येत नाही. कोणीतरी अनोळखी माणूस गावात उतरतो, पानठेल्यावर चहा घेतो, सोयाबीनच्या भावाचं बोलतो आणि बोलता बोलता विचारतो, ते अमुक घरचं पोरगं कसं हाये हो? दारू-बिरू? काम काय करते? मग तो निघून जातो आणि होकार की नकार ते मामांच्या फोनवर समजतं. त्यामुळे लग्नाचा पोरगा घरात असला की गावात येणारा प्रत्येक माणूस आमच्या डोळ्यांत खुपायचा. साड्या विकणारा, पीकविमा सांगणारा, सोयाबीनचा व्यापारी, सगळे. एकदा आईनं मिक्सर दुरुस्त करणाऱ्यालासुद्धा वाटीभर खीर खाऊ घातली. न जाणो, केनवडचा असला तर!

दादाला आईनं नियम घालून दिले होते. घरात बसायचं नाही, आजारी वाटेल. वावरात उतरायचं नाही, मजूर वाटेल. "धुऱ्यावर बसत जाय, मालक वाटशीन." म्हणून आमच्या त्या टीचभर वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीखाली, दादा इस्त्रीचा शर्ट घालून बसायचा. इस्त्री आई स्वतः करायची, वावरात निघायच्या आधी. मग ती आणि मी विळे घेऊन पात, म्हणजे कापायची एकेक ओळ, धरायचो. बाबांची कंबर गेलेली, ते गंजीपाशी बसून राहायचे. घरचं काम झालं की आम्ही दोघी मायलेकी टोळीसोबत दुसऱ्यांच्या वावरात जायचो. टोळी म्हणजे बायकांचा जथा. एखादं वावर गुत्त्यानं घ्यायचं, म्हणजे सगळं मिळून ठरवून घ्यायचं, आणि मिळून सोंगून टाकायचं.

"आई, मी येतो न पातीवर," दादा एकदा म्हणाला. "मानसं भेटून नाही राह्यले, तू मरमर करून राह्यली, अन् मी इथं पुतळ्यावानी बसू?"

"बस म्हणलं तं बस. कोन कुठून पायते काय माहीत."

"कोन पायते वावरात?"

"ज्याले पाह्याचं असते तो कुठूनबी पायते," आई म्हणाली आणि तिनं विळ्याला धार लावायला घेतली.

टोळीत त्या वर्षी एक नवीन बाई आली होती, गोकर्णाबाई. गावातल्या एका घरी पाहुणी म्हणून आलेली. रिकामं बसवत नाही म्हणून येते, म्हणाली. पहिल्याच दिवशी माझ्या शेजारची पात तिनं धरली. हात असा चालायचा की बघत राहावं. बोलायची कमी, विचारायची त्याहून कमी. "तुहं शिक्षन किती?" "बी.ए." "अन् इळा कधी शिकली?" "बी.ए.च्या आधी." ती खळखळून हसली. दुपारी भाकरी सोडल्या की आपल्या डब्यातली मिरचीची भाजी माझ्या भाकरीवर ठेवायची. मला तेव्हाही सगळ्यांचा संशय यायचा, आईचीच लेक मी. पानठेल्यावरच्या माणसांची नावगावं मी आईच्याआधी काढून आणायची. पण हातात विळा असलेल्या बाईचा संशय घ्यावा हे माझ्या डोक्यात आलं नाही. कोणाच्याच आलं नाही.

टोपीवाला आला तो बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी टोळीला सुट्टी. मी ओसरीत बोटांना हळद लावून बसले होते. डोक्यावर टोपी, पाठीवर बॅग, हातात टॅब, पायांत धुळीनं माखलेले बूट. वयानं दादाएवढाच असेल. दारात उभा राहून म्हणाला, "नमस्कार. रोजगाराची पाहणी करायला आलोय."

बाबा म्हणाले, "जयभीम. या." आईनं अर्ध्या दारातून त्याला न्याहाळलं आणि तो चपराशासारखा निमूट उभा राहिलेला पाहून विचारलं, "कोनाकडून आले?" त्यानं खात्याचं नाव सांगितलं, तालुका सांगितला, कागद दाखवला. आई आत आली ती थेट माझ्या कानाशी. "केनवडचा हाये."

"काहीही! जयभीमसुद्धा नाही म्हणाला तो."

"मुद्दामून नाही म्हणला. वळखू येऊ नाई म्हणून! पोहे टाक."

मी पोहे टाकले. आईनं दादाला हाक मारली, शर्ट बदलायला लावला आणि टोपीवाल्यासमोर खुर्चीवर बसवला. मग प्रश्न सुरू झाले. आज मी तेच प्रश्न दिवसभर विचारते तेव्हा मला हसू येतं, कारण एखाद्या मुलीच्या बापानं रात्रभर जागून काढले असते तरी ते याहून नेमके निघाले नसते. मुलगा काय करतो? कंपनीत आहे. कायम की कंत्राटी? "परमनंट," आई म्हणाली. लेखी करार आहे? "हाये न." पगारी रजा मिळते? "हे काय, रजेवरच तं आला हाये!" पीएफ कापतात? इथं आई जराशी अडखळली. कापतात म्हटलेलं चांगलं की नाही म्हटलेलं, तिला कळेना. मग तिनं ठासून सांगितलं, "कापत-बिपत काही नाही. पूर्न देतेत." बाबांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

दादा मान खाली घालून बसला होता. टोपीवाल्यानं एकदा त्याच्याकडे पाहून विचारलंही, "गेल्या आठवड्यात तुम्ही प्रत्यक्ष काय काम केलं?" दादानं तोंड उघडलं. त्याला खरं सांगायचं होतं, मला त्याचा चेहरा दिसत होता. आई मध्येच म्हणाली, "पोहे घ्या न, थंडे होऊन राह्यले." टोपीवाल्यानं बोट टेकवलं आणि दादा कामाला लागला. घरबसल्या, धुऱ्यावर बसल्या, पक्क्या नोकरीत.

"आणि ही?" त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं.

"ते? ते घरीच असते," आई म्हणाली. "काहीच करत नाही."

मी पोह्यांची बशी हातात धरून उभी होते. त्या हंगामात मी घरचं सोंगलं होतं, चार घरची वावरं टोळीसोबत सोंगली होती, सकाळचा स्वयंपाक माझा, संध्याकाळी म्हशीचं सगळं माझं. मी म्हटलं, "आई, मी तं…" आईनं डोळे वटारले. टोपीवाल्याची नजर माझ्या बोटांवर गेली, हळदीवर, चिरांवर. क्षणभर तो थांबला. मला वाटलं आता विचारेल. सरळ मला विचारेल, ताई, तुम्ही सांगा. पण त्याला अजून गल्लीतली घरं करायची असणार, ऊन चढत होतं, पोहे संपले होते. त्यानं बोट टेकवलं आणि पुढं सरकला. झालं. बसलेला भाऊ कामाला लागला आणि राबणारी बहीण घरी बसली. एवढ्या लवकर तर सोयाबीनच्या दाण्यापासून कुटारही वेगळं होत नाही.

तो गेल्यावर मी आईवर धावून गेले. "काहीच करत नाही? मी? माह्या हाताकडं पाय जरा!"

आईनं शांतपणे बशी उचलली. "पोरगा कंपनीत, अन् पोरगी लोकाईच्या वावरात? मंग कंपनी कायची, असं नाही म्हननार ते? डोकं चालव जरा. बी.ए. झाली न?"

हिशेब बरोबर होता, तेच तर वाईट. एकाला वर दाखवायचं तर दुसरीला पुसायलाच लागतं. आईनं जे केलं ते आमच्या भागातली कुठलीही आई करेल, आणि करतेच. मला रडू आलं नाही, राग आला. तो राग मी म्हशीवर काढला. तीही माझ्याकडे संशयानंच बघत राहिली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांत आमच्या घरच्या वावरातला शेवटचा तुकडा काढायला टोळी आली. दुपारपर्यंत ऊन होतं. मग वारा पडला आणि आमच्या तालुक्याच्या मालेगावकडून काळंभोर आभाळ चढायला लागलं. सोंगलेलं सोयाबीन पसरलेलं होतं. भिजलं तर दाणा काळा पडणार आणि वर्ष वाया जाणार. सगळ्या बायका विळे टाकून पेंढ्या गोळा करायला लागल्या. बाबा लंगडत ताडपत्री ओढायला लागले. धुऱ्यावर दादा उठला. बाह्या दुमडल्या, चपला काढल्या.

"अमोल!" आई वावराच्या मधोमध उभी राहून ओरडली. "तू नको! तुही सुट्टी हाये! बस तिथं!"

काही बायका हसल्या. एक म्हणाली, "बसू द्या न वैनी, कंपनीचा शर्ट खराब होईन." दादा तिथंच उभा राहिला, एक पाय वावरात, एक धुऱ्यावर. मी त्याला हातानं ये म्हटलं. त्यानं आईकडे पाहिलं. आणि तो बसला. खाली मान घालून, गुडघ्यांभोवती हात बांधून बसला. टपोरे थेंब पडायला लागले तरी उठला नाही. गोकर्णाबाई माझ्यासोबत ताडपत्रीचं टोक धरून होती. तिनं दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत दादाकडे. दुसऱ्या दिवशी ती तिच्या गावी गेली असं कळलं.

दिवाळीच्या जरा आधी रायभान मामा आले. फोन न करता स्वतः आले, तेव्हाच आईनं ओळखलं. पाणी न पिताच ते म्हणाले, "बाई, पोराचं जमत नाही म्हनतेत ते."

"म्या म्हणलंच होतं!" आईनं कपाळावर हात मारला. "त्या टोपीवाल्यानंच काडी टाकली. पोहे खाल्ले माह्या हातचे, अन् काडी टाकली!"

"कोन टोपीवाला?"

"आलता न तो मशीन घेऊन. केनवडचा."

मामा बघतच राहिले. "केनवडहून कोनी मानूस नाई आला, बाई. पोरीची आत्या आलती. गोकर्णाबाई. मलेबी काल समजलं. तुमच्या टोळीत तं होती म्हने."

माझ्या तोंडात मिरचीच्या भाजीची चव आली, खोटं नाही सांगत. मामा खाली बघत पुढे म्हणाले, "आत्याबाई म्हने, नोकरी असन नसन, ते पुढचं पुढं. पन आभाळ आलं तरी पोरगं उठत नाही. इस्त्रीच्या शर्टात धुऱ्यावर बसून रायते, अन् माय-बहीन पात काढतेत. आमची पोरगी बी अशीच राबवतीन, म्हने."

दादानं आईकडे पाहिलं. तिच्याकडे त्यानं असं कधी पाहिलं नव्हतं. आई पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. ज्या शर्टासाठी ती पहाटे उठून इस्त्री करायची तोच शर्ट आडवा आला होता, आणि हे तिला न सांगताही समजलं होतं. मला तिची दया आली. रागही होताच, पण दया आली.

मामा माझ्याकडे वळले. "पन एक हाये. पोरगी त्याईले लय पसंत पडली. आपली शालू. आत्याबाईचा सोताचा पोरगा हाये लग्नाचा. म्हने, असा हात म्या पाह्यला नाही. म्हने, आजकाल मजूर भेटून नाही राह्यले, अशी सून भेटली तं टोळी कायले लागते!" मामा हे कौतुकानं सांगत होते. हसतही होते.

खरं सांगते, मला एक क्षण बरं वाटलं. कोणीतरी पाहिलं होतं. आईनं पुसलेलं, टोपीवाल्यानं सोडून दिलेलं, ते एका परक्या बाईनं शेजारच्या पातीवरून बारकाईनं पाहिलं होतं. आणि दुसऱ्याच क्षणी टोळीचं ते वाक्य नीट कळलं. म्हणजे मला काम येतं हे तिला मान्य होतं, फक्त ते मजुरी न देता पाहिजे होतं. भाकरीवर ठेवलेली भाजी कोणत्या हिशेबात होती, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. कदाचित नुसती मायाही असेल. पण मला नाही वाटत.

आई मात्र सावरली होती. "पोरगं काय करते?" तिनं विचारलं. "वावर किती हाये? पानी हाये?" तेच प्रश्न, तोच सूर. टोपीवाल्याचं सगळं जणू तिच्या तोंडी पाठ झालं होतं. एक सोयरिक गेली तर गेली, एक आली होती. मामा सांगायला लागले. बाबाही सरसावून बसले. आणि खुर्चीतून दादा म्हणाला, "तिले इचारलं का कोनी?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या अख्ख्या हंगामात पहिल्यांदा माझ्याबद्दलचा प्रश्न माझ्याकडे आला होता, आणि तो विचारला होता धुऱ्यावर बसवलेल्या माणसानं. मी आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "मामा, त्याईले सांगा, पोरगी घरीच असते. काहीच करत नाही."

बाबांच्या तोंडातून हसू फुटलं. आई उठून आत गेली. चुलीपाशी बराच वेळ भांडी वाजत राहिली आणि मग थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं आईच्या हातातून इस्त्री काढून घेतली, फळीवर ठेवली आणि जुनं बनियन घालून वावरात गेला. तूर उभी होती अजून. आईनं त्याला हटकलं नाही.

दादाचं लग्न अजून झालेलं नाही. तो शेती करतो, दुसऱ्यांची गाडी चालवतो, हळद काढायच्या दिवसांत रिसोडकडे कामाला जातो. चौकशी येते आणि जाते. पोरगा काय करते, या प्रश्नाला तो आता स्वतःच उत्तर देतो. लांबलचक देतो, आणि अर्ध्यावर समोरचा माणूस घड्याळ पाहतो. मला हे पाहणीचं काम लागलं तेव्हा आई म्हणाली, "म्हनजे आता तू बी केनवडची झाली. लोकाईच्या पोराची चौकशी करत फिरशीन." तिचा अजूनही ठाम समज आहे की टोपीवाला केनवडचाच होता, गोकर्णाबाई पुढं पाठवली आणि तो मागून पडताळायला आला. मी वाद घालत नाही. माझं काम कंत्राटी आहे, लेखी करार नावापुरता, रजा घेतली की त्या दिवसाचा पैसा गेला. हे मी कोणाला सांगत नाही. पण घरोघरी बायका मला पहिल्यांदा हेच विचारतात, "तुमची परमनंट हाये का मॅडम?" आणि मी म्हणते, तुमचं सांगा आधी.

तर कामरगावची ती काकू. बऱ्याच वेळानं तिनं मला ओसरीत घेतलं. चहा दिला नाही, त्यामुळे माझा जीव जरा भांड्यात पडला. मुलगा? "पुन्याले, कंपनीत." आतल्या खोलीत कोणीतरी मोबाइलचा आवाज घाईनं कमी केला. मी बोट टेकवलं. पुन्याले तर पुन्याले. आतून शिंक आली तेव्हाही मी टॅबकडेच पाहिलं. त्या शिंकेवर माझा पूर्ण विश्वास आहे.

"आणि मुलगी?"

"ते घरीच असते. काहीच करत नाही."

मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. हाताच्या बोटांना चिंध्या. एका चिंधीवर जुन्या लुगड्याची हिरवी किनार अजून दिसत होती. मी टॅबवर बोट टेकवलं नाही. तिच्याकडे वळले आणि विचारलं, "तू सांग. गेल्या आठवड्यात काय काय केलंस?"

तिनं आईकडे पाहिलं. काकूनं ओठ आवळले. मग मुलीनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या ओळखपत्राकडे, माझ्या चपलांकडे. तिच्या डोळ्यांत तोच संशय होता, तो मला ओळखीचा वाटला आणि बरा वाटला.

"कोनाकडून आल्या तुमी?"

"कोनाकडूनच नाही," मी म्हणाले. माझ्या तोंडून आपलीच बोली कधी निघाली मलाही कळलं नाही. "फक्त इचाराले आली."

ती चौकट सोडून ओसरीत आली, माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि बोटांची एकेक चिंधी सोडायला लागली.

"बसा मंग," ती म्हणाली. "लय हाये."